डेटाबेसचा सपोर्ट पैसे देऊन घ्या, पण डिस्ट्रो आपली आपण निवडा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या, आंबा-काजूची युनिटं, वाचनालयं, छोटी हॉस्पिटलं, सगळ्यांचा हिशोब आता कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये आहे. आणि हा डेटाबेस बिघडला तर कोण बघणार असं विचारलं की साधारण दोन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं, मोठ्या कंपनीचं लायसन्स घेतलंय, दरवर्षी रिन्यूअल भरतो, बाकी आम्हाला काही माहीत नाही. दुसरं, लिनक्स टाकलंय, डेटाबेसला पण पैसे पडले नाहीत, ज्या मुलाने टाकून दिलं तो आता पुण्याला असतो, पण चालतंय. काही बदलायला सुचवलं तर मॅनेजर म्हणतात, "चलता हा मां, मगे कित्याक हात लावतास?"

मला ही दोन्ही उत्तरं पटत नाहीत आणि त्याची कारणं जरा सविस्तर लिहायची आहेत, कारण दर मार्चला बोर्डासमोर कोटेशन येतं तेव्हा हा विषय दहा मिनिटांत उरकला जातो. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्या संस्थांनी डेबियन, रॉकी, अल्मा अशा समुदायाच्या लिनक्सवर (या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अशा वेगवेगळ्या तयार बांधणींना डिस्ट्रो म्हणतात) डेटाबेस चालवावा आणि त्याच्या सपोर्टसाठी रोख पैसे मोजावेत, दरवर्षी, बजेटमध्ये वेगळी ओळ टाकून. आणि जो विक्रेता म्हणेल की सपोर्ट देतो पण ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या यादीतलीच पाहिजे, त्याला ती यादी कशावरून ठरली हे सही करायच्या आधी विचारावं.

यादीबद्दल आधी बोलतो, कारण तिचा फटका मी जवळून बघितलाय. आमच्या भागातल्या एका संस्थेत मार्चएंडच्या रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करायचं काम, अडकलं. व्याजाची पोस्टिंग अर्ध्यावर, पिग्मी एजंटांचं कलेक्शन अपलोड व्हायचं बाकी, आणि डेटाबेस नवीन एंट्रीच घेईना. सपोर्टचे पैसे भरलेले होते, म्हणून टिकिट, म्हणजे सपोर्टकडे तक्रार, टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं की तुमची ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या सर्टिफाइड यादीत बसत नाही, तरी कृपया हाच प्रॉब्लेम सर्टिफाइड सिस्टिमवर पुन्हा घडवून दाखवा. आता मार्चएंडचा प्रॉब्लेम दुसऱ्या मशीनवर पुन्हा घडवायचा म्हणजे काय करायचं? शेवटी कारण निघालं ते एवढंच, लॉगची, म्हणजे सिस्टिम आपल्या कामाच्या नोंदी ठेवते त्या फाईलींची, डिस्क भरली होती. जुने लॉग बॅकअपला हलवले, जागा झाली, काम पुढे सरकलं. डिस्क भरायला कुठली डिस्ट्रो लागत नाही, ती सगळीकडे सारखीच भरते, आणि हे टिकिट वाचणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळायला हवं होतं. पण त्याला आधी यादी बघायला शिकवलेलं होतं, लॉग नंतर.

ही यादी म्हणजे तांत्रिक निकाल आहे असं आपल्याला सांगितलं जातं. त्यात तंत्र किती आणि धंदा किती ते बघू. ओरॅकल कंपनीचा मुख्य डेटाबेस लिनक्सवर चालवायचा तर यादीत ओरॅकल लिनक्स आणि रेड हॅट, सुसे या कंपन्यांच्या डिस्ट्रो आहेत, डेबियन नाही, रॉकी-अल्मा नाहीत. पण त्याच ओरॅकलकडे २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्ससोबत मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आला, आणि त्याच्या पैसे भरून घ्यायच्या एंटरप्राइज आवृत्तीच्या सपोर्ट यादीत डेबियन आहे, उबंटू पण आहे. म्हणजे कंपनी तीच, डेबियन तेच, एका मालाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही. आणि ओरॅकल लिनक्स तरी काय आहे, २००६ पासून रेड हॅटच्या सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधलेली डिस्ट्रोच आहे ती, रॉकी आणि अल्मा त्याच वाटेने पुढे आल्या. रॉकीवर ओरॅकलचा इन्स्टॉलर अडतो तो बऱ्याचदा डिस्ट्रोचं नाव ओळखीचं नसतं म्हणून, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममधली एक छोटी सेटिंग) सेट करून त्याला ही ओरॅकल लिनक्सच समज म्हटलं की तो गुपचूप पुढे जातो, हे काम केलेल्या डीबीएंना, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यांना, चांगलं माहीत आहे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर आला, तेव्हा यादीत रेड हॅट, सुसे आणि उबंटू होते, आणि उबंटू ज्या डेबियनमधून तयार होते ते डेबियन नव्हतं.

कंपन्यांची बाजू अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. प्रत्येक डिस्ट्रोचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) वेगळं, लायब्ररीच्या (प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या) आवृत्त्या वेगळ्या, प्रत्येकावर टेस्टिंग करायचं तर माणसं आणि मशीन लागतात, आणि कुठेतरी रेघ मारावीच लागते. ती कुठे मारायची हा त्यांचा हक्क आहे. माझी तक्रार एवढीच की ती रेघ आपल्याला सही करताना दाखवली जात नाही, ती कराराच्या मागच्या परिशिष्टात असते आणि मार्चएंडच्या रात्री समोर येते. आणि दुसरं म्हणजे, ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही वाचता-वापरता येतो अशा) डेटाबेसला पैसे घेऊन सपोर्ट देणाऱ्या कंपन्या आहेत ज्या ही रेघ बरीच पुढे मारतात. परकोना २००६ पासून हेच काम करते, एंटरप्राइजडीबी पोस्टग्रेस या ओपन सोर्स डेटाबेसवर हेच करते, आणि दोघींच्या यादीत डेबियन आहे. त्यांना परवडतं, कारण त्यांचा धंदा सपोर्ट विकण्याचा आहे आणि गिऱ्हाईक ज्या डिस्ट्रोवर आहे तिथे त्यांना जावंच लागतं. मिरकरवाड्यातला मिस्त्री ट्रॉलरवर चढताना इंजिन आपल्या दुकानातून घेतलेलं आहे का हे विचारत नाही, आणि म्हणूनच बंदरात त्याला मागणी असते.

आता पैशाचं. ओरॅकलच्या स्टँडर्ड एडिशन टू ची लिस्ट प्राईस एका प्रोसेसरला १७,५०० डॉलर आहे आणि सपोर्ट त्याच्या २२ टक्के, म्हणजे वर्षाला ३,८५० डॉलर. प्रत्यक्षात सूट मिळते, पण हिशोब इथून सुरू होतो. सपोर्ट सोडला तर सिक्युरिटी पॅच (सुरक्षेच्या दुरुस्त्या) पण डाऊनलोड होत नाहीत. एंटरप्राइज एडिशन ४७,५०० डॉलर. आता कोणी म्हणेल आम्हाला एंटरप्राइज कशाला लागेल, तर मी चिपळूणकडे बोट दाखवीन.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानं, बँका, दवाखाने सगळं पाण्याखाली गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, मग २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. या किनाऱ्यावरच्या संस्थेला डेटाबेसची एक जिवंत कॉपी घाटाच्या वर पाहिजे, कोल्हापूरला, पुण्याला, कुठेही, आणि ती रात्रीच्या बॅकअपवर न थांबता सतत मागे-मागे येत राहिली पाहिजे. ओरॅकलमध्ये हे काम करणारं डेटा गार्ड एंटरप्राइज एडिशनमध्येच मिळतं आणि कायम चालू असलेल्या स्टँडबाय (कॉपी ठेवणाऱ्या) मशीनला लायसन्स वेगळं लागतं. पोस्टग्रेसमध्ये हेच काम करणारं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आतच आहे, लायसन्स नाही, मशीनचं भाडं आणि ते नीट लावून देणाऱ्या माणसाचे पैसे तेवढे. म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याला सगळ्यात जास्त गरज आहे, तीच लायसन्सच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलेली आहे. आपण खालच्या पायरीचे पैसे भरतो आणि पुराच्या दिवशी आपल्याकडे कॉपी नसते.

म्हणून मग सगळे म्हणतात, ठीक आहे, पोस्टग्रेस टाकू, मारियाडीबी टाकू, विषय संपला. इथेच माझं दुसऱ्या बाजूच्या लोकांशी भांडण आहे, कारण विषय इथे संपत नाही.

सपोर्टची खरी गरज कुठे लागते याचं एक उदाहरण देतो, जरा खोलात जाऊन, कारण हे आपल्याकडच्या बऱ्याच सर्व्हरांवर आत्ता या क्षणी दडलेलं असू शकतं. सेंटओएस ७ या डिस्ट्रोची अपडेट मिळायची मुदत ३० जून २०२४ ला संपली. बऱ्याच ठिकाणी लोकांनी नवीन मशीनवर रॉकी ८ किंवा अल्मा ८ टाकलं आणि पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून तिकडे ठेवली. डेटाबेस सुरू झाला, एरर नाही, सगळे खूश. पण अक्षरांचा क्रम काय, म्हणजे कुठलं नाव आधी आणि कुठलं नंतर, हे पोस्टग्रेस नेहमीच्या सेटिंगमध्ये स्वतः ठरवत नाही, तो ते लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ होती, ८ च्या पिढीत २.२८ आली, आणि २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. साधी टेस्ट आहे, '१-१' आणि '११' या दोन ओळी सॉर्ट करा. जुन्या सिस्टिमवर '११' आधी येतं, नवीनवर '१-१' आधी येतं.

आता खाते क्रमांकात डॅश असलेली पतसंस्था डोळ्यासमोर आणा. इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, बांधला गेला जुन्या क्रमाने आणि शोध चालतोय नवीन क्रमाने. काउंटरवर खातेदार उभा आहे, पासबुक हातात आहे, खाते क्रमांक टाकला तर स्क्रीन म्हणते असं खातं नाही. तोच माणूस पूर्ण यादीच्या रिपोर्टमध्ये मात्र दिसतो, कारण रिपोर्ट अख्खं टेबल वाचतो, इंडेक्समधून जात नाही. क्लार्कला वाटतं खातं उघडायचं राहिलं असेल, तो नवीन उघडतो, आणि युनिक इंडेक्सने जे अडवायला हवं होतं ते अडत नाही कारण त्याला पण ती जुनी एंट्री सापडत नाही. झाली दोन खाती एकाच नंबरची. हे लक्षात यायला महिने जातात, आणि आलं तरी लोक क्लार्कला दोष देतात. डेबियन ९ वरून १० वर जाताना पण हेच होतं, कारण १० मध्ये पण २.२८ आहे. आणि प्रायमरी, म्हणजे मुख्य मशीन, सेंटओएस ७ वर, स्टँडबाय रॉकी ८ वर असं ठेवलं तर ती वर घाटावरची कॉपी पहिल्या दिवसापासून बिघडलेली.

उपाय अवघड नाही. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाईल, काढून नवीन मशीनवर रिस्टोअर करा, इंडेक्स आपोआप नव्याने बांधले जातात. डिरेक्टरीच उचलली असेल तर अक्षरांच्या कॉलमवरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, म्हणजे नव्याने बांधा, त्याआधी अॅमचेक एक्स्टेन्शनने तपासा की बिघाड आहे का, आणि डुप्लिकेट घुसले असतील तर ते हाताने निस्तरा. अर्ध्या दिवसाचं काम. पण हे करायचं असतं हे माहीत असलेला माणूस पाहिजे, आणि तो माणूस डेटाबेस आणि डिस्ट्रो दोन्ही ओळखणारा पाहिजे. फक्त पोस्टग्रेस येणाऱ्याला जीलिबसीचं माहीत नसतं, फक्त लिनक्स बघणाऱ्याला इंडेक्सचं माहीत नसतं, आणि यादी बघून उत्तर देणारा तर दोन्हीकडे हात झटकतो. सपोर्ट घ्यायचा तो या सांध्याचा घ्यायचा. समुदायाच्या डिस्ट्रोवर हा सांधा उघडा असतो, सगळं वाचता येतं, पोस्टग्रेसच्या विकीवर हा जीलिबसीचा प्रकार उदाहरणासकट लिहिलेला आहे. माहिती फुकट आहे, पण ती आपल्या मशीनला लावून बघणाऱ्या माणसाचा वेळ फुकट नाही.

समुदायाच्या डिस्ट्रोवर भरवसा काय ठेवायचा, सेंटओएसने नाही का दगा दिला, हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो रास्त आहे. सेंटओएस ८ सप्टेंबर २०१९ ला आलं, लोकांनी २०२९ पर्यंत चालेल या हिशोबाने टाकलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली की ते ३१ डिसेंबर २०२१ ला बंद. ज्यांनी नुकतंच बदललं होतं त्यांना पुन्हा बदलावं लागलं. पण सेंटओएस तेव्हा कोणाच्या हातात होतं ते पण बघा. २०१४ पासून ते रेड हॅटच्या पंखाखाली होतं, आणि रेड हॅटला २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला घेतलं. नाव समुदायाचं आणि बंद करायचा निर्णय कंपनीचा, अशी ती रचना होती. त्यातूनच २०२१ मध्ये आधी अल्मा आणि मग रॉकी आल्या, जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स गिऱ्हाइकांपुरता मर्यादित केला तेव्हा त्यांना पुन्हा मार्ग शोधावा लागला, आणि अल्माने तर हुबेहूब कॉपीचा हट्ट सोडून सुसंगत राहण्याचं धोरण घेतलं. या दोन्ही चालू आहेत, पण वरून येणाऱ्या सोर्सवर अवलंबून आहेत हे खरं. म्हणून कोणी मला विचारलं तर मी डेबियन म्हणतो. १९९३ पासून चालू आहे, वर कुठली कंपनी नाही, त्यामुळे विकत घेऊन बंद करण्यासारखं त्यात काही नाही, आणि प्रत्येक आवृत्तीला एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) धरून पाच वर्षं मिळतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बॉस लिनक्स बांधलं ते डेबियनवरच, वाचनालयांत चालणारं कोहा सॉफ्टवेअर मुख्यतः डेबियनवरच टाकतात.

त्यातही बारीक बघायला लागतं. डेबियन १२ सोबत पोस्टग्रेस १५ येतो, त्याची मुदत नोव्हेंबर २०२७ मध्ये संपते, डेबियन १२ चं एलटीएस जून २०२८ पर्यंत आहे. मधल्या महिन्यांत पोस्टग्रेसमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं तर पॅच कोण देणार, आपण आधीच नवीन आवृत्तीवर जाणार का, गेलो तर पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून (सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) जाणार का, हे प्रश्न आधीच विचारून कागदावर घ्यायचे असतात.

ऑडिटरचं काय, हा दुसरा आक्षेप. ऑडिटर म्हणतो लायसन्स दाखवा. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली, डिसेंबर २०१९ मध्ये ती चार लेव्हलमध्ये वाढवली. त्यात भर आहे तो आपल्याकडे काय काय मशीन आणि सॉफ्टवेअर आहे याची नोंद, पॅच वेळेवर लागणं, बॅकअप आणि तो परत आणता येणं, आणि बाहेरच्या व्हेंडरवर लक्ष ठेवणं यावर. अमुकच कंपनीचा डेटाबेस घ्या असं कुठे नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, पण प्रश्न तिथेही हेच विचारायला हवेत. आवृत्ती मुदतीत आहे का, शेवटचा पॅच कधी लागला, बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून बघितला, आणि जबाबदार कोण, त्याच्याशी करार कुठे आहे. या चार प्रश्नांची उत्तरं डेबियन-पोस्टग्रेसवर देता येतात, फक्त चौथ्यासाठी पैसे खर्च करावे लागतात. आणि आपण नेमके तेच करत नाही. केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे, म्हणजे सरकारी कामाचं कारण पण पुढे करता येत नाही.

पैसे देण्याबद्दल मी एवढा आग्रह का धरतो ते एका घटनेमुळे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेसचा डेव्हलपर डेबियनच्या अनस्टेबल (अजून पक्क्या न झालेल्या) आवृत्तीवर पोस्टग्रेसचं बेंचमार्किंग करत होता, म्हणजे वेग मोजत होता. त्याला दिसलं की एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर जायच्या सोयीने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच खपतोय. तो मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या एका छोट्या लायब्ररीत मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. ते स्थिर आवृत्त्यांत पोचलं असतं तर जगभरातले सर्व्हर उघडे पडले असते. लोक या गोष्टीतून उघड सोर्सचा विजय काढतात, आणि तो आहेच, पण त्याची दुसरी बाजू मला जास्त सतावते. ती लायब्ररी एकच माणूस वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होता, थकलेला होता, आणि मदत करतो म्हणत आलेल्या कोणीतरी हळूहळू त्याच्याकडून हक्क मिळवले. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या ते सॉफ्टवेअर वापरत होत्या. आपल्या पतसंस्था पण वापरत होत्या. कोणी पैसे देत नव्हतं. ज्या कामावर आपले ठेवीदार अवलंबून आहेत त्याच्या बजेटची ओळ शून्य ठेवायची, याला काटकसर म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

मग द्यायचे कसे, एकेक छोटी संस्था एवढं कुठून आणणार? इथे डेबियनकडेच तयार उत्तर आहे. त्यांचं एलटीएस २०१४ पासून अशाच वर्गणीवर चालतं, फ्रेक्सियन नावाची कंपनी बऱ्याच संस्थांकडून थोडे-थोडे पैसे गोळा करते आणि त्यातून डेव्हलपरांना तासांवर पैसे देते. कोणाही एकाला पूर्ण माणूस परवडत नाही, सगळ्यांना मिळून परवडतो. सहकाराच्या जिल्ह्यांत राहून आपल्याला हे कोणी शिकवायला नको. कुडाळ, कणकवली, मालवण, सावंतवाडीतल्या संस्थांनी मिळून एक एएमसी (वार्षिक देखभाल करार) करावी, त्यात इथला एक-दोन माणूस पूर्णवेळ आणि त्याच्या मागे अवघड प्रश्नांसाठी डेबियनवर सपोर्ट देणारी मोठी कंपनी, तासांच्या हिशोबाने. इथला माणूस लागतोच, कारण खाऱ्या हवेने रॅमच्या पिनांवर काळी पुटं चढतात आणि खोडरबराने घासून परत बसवल्याशिवाय सर्व्हर उठत नाही, हे पुण्याहून फोनवर होत नाही. जुलैत घाट बंद पडला की इंजिनियर येतो म्हणून सांगतात आणि दोन दिवस येत नाही. मालवणात, रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, देवरुखजवळ आंबवला इंजिनियरिंग कॉलेज आहे, तिथून शिकून मुलं बाहेर पडतात आणि इथे पगार नाही म्हणून मुंबईची गाडी धरतात. लायसन्सचा पैसा बाहेर जातो आणि त्याच्या मागोमाग पोरं पण जातात.

करारात काय पाहिजे ते पण सांगतो. डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती करारातच लिहिलेली पाहिजे, परिशिष्टात नको. टिकिटाचं पहिलं उत्तर लॉग वाचून यायला हवं आणि किती तासांत ते लिहिलेलं हवं. दर तीन महिन्यांनी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून मॅनेजरला दाखवायचा, कारण पोस्टग्रेसचे छोटे अपडेट पण फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे तीन महिन्यांनीच येतात, दोन्ही कामं एकत्र होतात. आणि मोठे अपग्रेड आपल्या हंगामाप्रमाणे, मच्छीमार सोसायटीचं १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, आंब्याच्या युनिटचं सीझन आटोपल्यावर, पतसंस्थेचं मार्च सोडून कधीही, पण गणपतीत अजिबात नाही.

लायसन्सबद्दल एक शेवटचं, कारण उघड सोर्सचं नाव बघून पण फसायला होतं. मोंगोडीबी या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये लायसन्स बदललं आणि डेबियन, फेडोरा या डिस्ट्रोंनी ते पॅकेज काढून टाकलं. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बदललं, त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनखाली त्याच्या जुन्या कोडवरून व्हॅल्की उभा राहिला, मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या उघड सोर्स लायसन्सचा पर्याय आणला. एका कंपनीच्या मालकीचं असेल तर हे होऊ शकतं. पोस्टग्रेस कोणा एकाच्या मालकीचा नाही, म्हणून त्याचं लायसन्स एका बोर्डरूममध्ये बसून बदलता येत नाही. डिस्ट्रो निवडताना जो नियम लावला तोच डेटाबेसला लावायचा, आणि डेबियनचे लोक आपल्यासाठी ही चाळणी आधीच लावून ठेवतात, मुख्य रेपॉझिटरीत आहे म्हणजे लायसन्स तपासलेलं आहे.

यंदा रिन्यूअलचं कोटेशन टेबलावर येईल तेव्हा सेक्रेटरींनी त्याच फाईलला दुसरा कागद लावावा, तेवढ्याच रकमेत शेजारच्या चार संस्था मिळून डेबियन आणि पोस्टग्रेसवर काय सपोर्ट मिळतो त्याचा. दोन कोटेशनं शेजारी ठेवून बोर्डाने ठरवावं. जिल्ह्यातल्या पतसंस्था फेडरेशननी कराराचा मसुदा एकदा करून सगळ्यांना दिला तर प्रत्येकाला वेगळा वकील पण लागणार नाही, आणि सेंटओएस ७ वरून हलवलेल्या सर्व्हरांचे इंडेक्स तपासायचं काम तर कुठल्याही कराराची वाट न बघता या महिन्यातच करून घ्यावं.